हवापालट की चूलपालट?

"थंडीत जरा उबदार हवेत जाऊन राहा," असं डॉक्टरांनी सांगितलं की घरातली सगळी मंडळी उत्साहाने बेत आखायला बसतात. समुद्र कुठला, गाडी कुठली, भाडं किती, सगळ्याची चर्चा होते. एका गोष्टीची मात्र होत नाही. तिथे गेल्यावर दोन महिने सकाळ-संध्याकाळ स्वयंपाक कोण करणार? ते कुणी विचारत नाही, कारण उत्तर सगळ्यांना ठाऊक असतं. मग होतं काय, की नवऱ्याचा हवापालट होतो आणि बायकोचा नुसता चूलपालट! मैत्रिणींनो, आमच्याही घरी अगदी हेच व्हायच्या बेतात होतं.

आमचं घर निफाडच्या बाजूला. दर हिवाळ्यात आमच्या भागाचा पारा वर्तमानपत्रात झळकतो. कधी 8 अंश, कधी 6, एखाद्या वर्षी त्याहूनही खाली. द्राक्षांचे मणी तडकू नयेत म्हणून बागाईतदार पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात. द्राक्षांची सोय होते, माणसांनी काय करायचं? ह्यांना दमा आहे. शाळेत होते तोवर मफलर गुंडाळून कसंबसं निभावलं. पण निवृत्त झाल्यावर डिसेंबर लागला की रात्र रात्र उशांना टेकून बसणं सुरू झालं. माझीही बोटं सकाळी इतकी आखडलेली असायची, की कणीक मळण्याआधी हात कोमट पाण्यात बुडवून ठेवावे लागायचे. पण बायकांच्या बोटांना कोण आजारपण म्हणतं? ह्यांचा दमा तपासल्यावर डॉक्टर म्हणाले, "औषधं चालूच ठेवा. पण जमलं तर थंडीचे दोन-अडीच महिने खाली समुद्राकाठी काढून बघा."

मुलगा म्हणाला, पुण्याला या. आता पुण्याची थंडी काय कमी का? शिवाय तिथे गेले की नातवंडांचे डबे, सुनेची नोकरी, दारावर येणारा इस्त्रीवाला. मी काय ते समजले आणि गप्प बसले. पूर्वी मुंबईची माणसं हवापालटासाठी आमच्या शेजारच्या देवळालीला यायची. आम्ही त्यांच्या उलट दिशेने निघणार होतो.

ह्यांनी नकाशा काढला आणि मला एक धडाच मिळाला. दक्षिणेला गेलं की ऊब मिळते, ही आपली समजूत अर्धीच खरी. बंगळूर दक्षिणेत आहे, पण सुमारे 900 मीटर उंचीवर. तिथल्या हिवाळ्यातल्या रात्री गारच. दर 1000 मीटर चढलं की हवा साधारण 6 अंशांनी थंड होते. आमचं नाशिकसुद्धा सुमारे 600 मीटरवर आहे, म्हणून तर हा गारठा. चेन्नई-पाँडिचेरी उबदार खरी, पण तिकडचा मोठा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरमध्येच पडतो, आणि वादळंही त्याच सुमारास येतात. 2015 साली डिसेंबरच्या सुरुवातीला चेन्नईत केवढा पूर आला होता! आपण दिवाळी उरकून ऊन शोधत जायचं आणि छत्री उघडून बसायचं, असं व्हायचं. गोवा छान, पण नाताळ ते नवीन वर्ष या दिवसांत तिथले दर पेन्शनरांनी विचारू नयेत असे.

राहिलं आपलं कोकण. त्यातही सगळीकडे सारखी ऊब नाही बरं का! दापोली म्हटलं की समुद्र डोळ्यांसमोर येतो, पण गाव थोडं आत आणि उंचावर आहे. थंडीत तिथला पारा रात्री 10-12 अंशांपर्यंत, कधी त्याच्याही खाली येतो. उगाच नाही त्याला मिनी महाबळेश्वर म्हणत! रत्नागिरी अगदी समुद्राला लागून. पाणी हळू तापतं, हळू निवतं, म्हणून किनाऱ्यावर दिवस फार तापत नाही आणि रात्र फार गारठत नाही. डिसेंबर-जानेवारीत तिथे दुपारी 30-31 अंश आणि पहाटे 18-20 अंश. शिवाय 1998 साली कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाल्यापासून जाणं सोपं झालंय. मंगला एक्सप्रेस नाशिक रोडवर पकडली की कल्याण-पनवेल करत थेट रत्नागिरी. गाडी बदलायची नाही, सामान दोनदा उचलायचं नाही.

जिल्हा ठरला. आता घर. ह्यांच्या एका स्नेह्यांचा बंगला शहरापासून बराच लांब, समुद्राकाठच्या टेकाडावर रिकामा पडून होता. हे हरखून सांगू लागले, "अगं, समोर समुद्र, मागे आमराई, आजूबाजूला चिटपाखरू नाही!"

मी विचारलं, "दूध कुठून आणायचं? रात्री तुमचा श्वास लागला तर डॉक्टर किती लांब? कामाला बाई मिळेल?"

"दोघांचं ते काम कितीसं?"

"अहो, निवृत्त तुम्ही झालात. मी अजून नोकरीवरच आहे. मलाही या वेळी रजा हवी."

हे काही बोलले नाहीत. मलाच वाटलं, जास्त बोलले की काय. पण दुसऱ्या दिवशी सकाळी ह्यांनी वहीचं एक कोरं पान आणि पेन माझ्यापुढे ठेवलं. म्हणाले, "तुझ्या अटी लिही. त्यात बसेल तेच घर घेऊ." चाळीस वर्षांच्या संसारात हे पहिल्यांदाच! मीही संकोच न करता लिहिलं. ते पान तुमच्याही उपयोगी पडेल म्हणून सांगते.

पहिली अट दवाखान्याची. रात्री-अपरात्री रिक्षाने दहा-पंधरा मिनिटांत पोचता आलं पाहिजे. रत्नागिरी जिल्ह्याचं ठिकाण, त्यामुळे जिल्हा रुग्णालय आणि खासगी डॉक्टर दोन्ही आहेत. दुसरी, घर तळमजल्याचं आणि संडास घरात. तिसरी, पाणी. कोकणात पाऊस धो धो पडतो, पण जांभ्या दगडात पाणी टिकत नाही. उन्हाळा लागला की विहिरींचा तळ दिसू लागतो. हिवाळ्यात अडचण येत नाही, तरी नळाला पाणी किती वेळ येतं आणि विहिरीवर पंप आहे का, हे विचारलेलं बरं. चौथी, दूध, किराणा आणि भाजी पायी जाऊन आणता आली पाहिजे. पाचवी, जवळपास घरगुती डबा देणारं कुणीतरी हवं. आणि सहावी अट मी ठळक अक्षरांत लिहिली: रात्रीचा स्वयंपाक मी करणार नाही.

या अटींत टेकाडावरचा बंगला बसला नाही. बसल्या त्या शहरातल्या एका वाडीतल्या मागच्या दोन खोल्या. खिडकीतून समुद्र दिसत नव्हता, पण संध्याकाळी चालत मांडवीच्या किनाऱ्यावर जाता येत होतं. आधी आठ दिवस राहून पाहिलं आणि मगच दोन महिन्यांचं ठरवलं. भाडं महिन्याच्या हिशेबाने आणि सबंध मुक्कामाचं आधीच लिहून घेतलं, म्हणजे नाताळच्या गर्दीत कुरबुर नको.

तुळशीचं लग्न लावून निघालो. ते दोन महिने कसे गेले, ते खरं खरं सांगते. पहिल्या पंधरा दिवसांत चमत्कार वगैरे झाला नाही. दमट हवा प्रत्येक दमेकऱ्याला मानवतेच असं नाही, म्हणून तिथल्या डॉक्टरांना पहिल्याच आठवड्यात दाखवून ठेवलं. पण हळूहळू ह्यांची झोप सलग होऊ लागली. आणि माझी बोटं! एके दिवशी सकाळी लक्षात आलं, की कोमट पाण्याचं पातेलं मी कितीतरी दिवसांत घेतलंच नाही.

त्रास झाले ते घरातले. मिठाला पाणी सुटतं, त्यात थोडे तांदळाचे दाणे टाकून ठेवावे लागतात. पापड बघता बघता सादळतात. लोकरीचे कपडे पेटीतच राहिले तर कुबट वास येतो, आठवड्यातून एकदा ऊन दाखवावं. भाजी बरीचशी घाटावरून येते, त्यामुळे आमच्या नाशिकच्या भावाची सवय असलेल्या बाईला पिशवी भरताना जरा चटका बसतो. त्यापेक्षा भातकापणीनंतर विहिरीच्या पाण्यावर लावलेली गावठी भाजी घ्यावी: लाल माठ, मुळा, वालीच्या शेंगा, पावटा. कुळथाचं पिठलं आणि भात हा ह्यांचा आता आवडता बेत झालाय. मासे खाणाऱ्यांची तर चैनच.

संध्याकाळचा डबा यायचा. पहिले चार दिवस मला चैन पडेना. सात वाजले की पाय आपोआप ओट्याकडे वळायचे. "आमटी जरा पातळ आहे," असं हे म्हणाले, तेव्हा मी उठले नाही. तशीच बसून राहिले आणि म्हटलं, "हो, आहे खरी." त्यांनी ती मुकाट्याने जेवली. त्या आठवड्यापासून संध्याकाळी आम्ही दोघं फिरायला जाऊ लागलो. सूर्य बुडेपर्यंत बसायचो. घरी सूर्य बुडताना मी कायम कुकर लावत असे.

घरमालकीणबाई गमतीच्या. 20 अंशांना त्या स्वेटर घालून अंगणात यायच्या आणि म्हणायच्या, "वहिनी, यंदा थंडी पडायला हवी हो, नाहीतर आंब्याला मोहोर कसा धरणार?" आम्ही थंडीला पाठ दाखवून आलेले आणि त्या थंडीची वाट बघत बसलेल्या! हापूसचं सगळं गणित त्या थोड्याशा गारव्यावरच असतं, हे मला तिथेच कळलं.

जाताना घर बंद करायचं म्हणजे अर्धा जीव घरातच राहतो. ज्यांना जायचंय त्यांच्यासाठी चार गोष्टी. पेन्शनचा हयातीचा दाखला नोव्हेंबरात द्यावा लागतो. 2014 पासून तो 'जीवन प्रमाण'वर कुठूनही देता येतो, पण आम्ही तो निघण्याआधीच देऊन टाकला. गॅसचा रेग्युलेटर काढावा, फ्रिज रिकामा करून दार किंचित उघडं ठेवावं, वर्तमानपत्र आणि दूध बंद करावं. दागिने बरोबर नेऊ नयेत आणि घरातही ठेवू नयेत. सगळी औषधं महिनाभर पुरतील एवढी न्यावीत, आणि औषधांची चिठ्ठी दोघांच्याही पर्समध्ये असावी. रक्तदाब थंडीत वाढतो आणि उबेत उतरू शकतो, म्हणून तिथे गेल्यावर तपासून घ्यावा. गोळी मात्र आपल्या मनाने कमी करू नये. राहिली तुळस. ती शेजारच्या काकूंच्या ओट्यावर ठेवली. त्यांनी माझ्याहून बरी सांभाळली.

मला मनातून धास्ती होती ती संक्रांतीची. इतक्या वर्षांत माझं हळदीकुंकू कधी चुकलं नव्हतं. परक्या गावात कोण येणार आपल्याकडे? मालकीणबाईंना नुसतं बोलले, तर त्यांनी वाडीतल्या बायकांना परस्पर निरोप दिला. अकराजणी आल्या. वाण म्हणून मी आमच्याकडचे बेदाणे वाटले. एक आजी म्हणाल्या, "पुढल्या वर्षी याल ना?" मी "बघू" म्हटलं, पण मनात ठरलेलंच होतं.

रथसप्तमी झाली आणि आम्ही परत आलो. तोवर निफाडची थंडी ओसरली होती. खर्चाचा हिशेब ह्यांनी वहीत मांडलाय आणि पुढच्या वर्षीसाठी आतापासून दरमहा थोडे पैसे बाजूला पडताहेत.

प्रत्येकीलाच असं जाता येईल असं नाही, हे मला कळतं. कुणाच्या घरी म्हातारी माणसं असतात, कुणाला पेन्शन नसते. पण ज्यांच्याकडे असा बेत शिजतोय, त्यांनी एक करावं. आपल्या अटी वेळेवर, स्पष्ट आणि कागदावर लिहून द्याव्यात. "तुम्ही म्हणाल तिथे," असं म्हणू नये. घरातली माणसं वाईट नसतात हो. आपण सांगितलं नाही, तर आपल्यालाही रजा लागते हे त्यांच्या लक्षातच येत नाही.