सगळं माफ, नळपट्टी सोडून

'माफ' हा मराठी भाषेतला सर्वांत गोड शब्द आहे, असे बँकेच्या काउंटरमागे बसून बसून माझे मत झाले आहे. 'व्याज' म्हटले की माणसाच्या कपाळाला आठ्या पडतात, 'हप्ता' म्हटले की त्याला एकाएकी बाहेर काम आठवते. पण 'माफ' म्हणा, बहिऱ्यालासुद्धा ऐकू येते. राष्ट्रीय महामार्गावरच्या टोलनाक्यापाशी टोल माफ असणाऱ्या मंडळींची एक भली मोठी पाटी असते. राष्ट्रपतींपासून तिची सुरुवात होते. मी ती दर खेपेला पार खालपर्यंत वाचतो. बँकेतल्या कारकुनाचे नाव अजून आलेले नाही. पण सरकारचे काय सांगावे, एखाद्या दिवशी दया यायची, म्हणून वाचतो.

तर अशा माझ्या कानावर २०२३ साली बातमी आली की, आमच्या गल्लीतला फौजी वर्षभरासाठी दक्षिण सुदानला चालला. हा देश जुलै २०११ मध्ये स्वतंत्र झाला आणि त्याच दिवशी तिथे संयुक्त राष्ट्रांची शांतिसेना उभी राहिली. तीत भारताच्या पलटणी आहेत. मानोऱ्याच्या पानठेल्यावर एवढ्या माहितीची गरज नव्हती. तिथे एकच मुद्दा निघाला.

"तिकडे समदं ड्यूटी फ्री रायते म्हनते!"

झाले. ज्याने त्याने आपापली यादी काढली. कुणाला घड्याळ पाहिजे होते, कुणाला अत्तर, एकाला तर चक्क टीव्ही. मी शिकलेला माणूस, त्यामुळे मी माफक मागणी केली. फौजी निघायच्या आदल्या दिवशी त्याला बाजूला घेऊन म्हटले, "जमलं तर दाढीचं एक चांगलं मशीन आण बाबा. पैसे देईन."

"पाह्यतो भाऊ," तो म्हणाला. फौजेतला माणूस नाही म्हणत नाही आणि हो पण म्हणत नाही, हे मला तेव्हा कळायला हवे होते.

त्या रात्री मला झोप येईना. ड्यूटी फ्री म्हणजे नेमके किती स्वस्त? वाणिज्य शाखेचा पदवीधर असल्यामुळे असा प्रश्न मला स्वस्थ बसू देत नाही. मोबाइल काढला आणि परक्या देशात गेलेल्या फौजांना जकात नि कर कसे माफ होतात, ते वाचत बसलो.

तेव्हा पहिला धक्का बसला तो असा की, या कागदांत 'परदेशी फौज' म्हणजे आमचाच फौजी! लहानपणी पोहरादेवीच्या जत्रेत हरवून माइकवरून ज्याचे नाव तीनदा पुकारावे लागले, तो पोरगा आता एका देशाचा कायदेशीर पाहुणा होता. आणि पाहुण्याचे शास्त्र मोठे चोख असते. जून १९५१ मध्ये नाटोच्या देशांनी लंडनला असा एक करार केला. एकाची फौज दुसऱ्याच्या घरी राहायला आली, तर तिची सरकारी वाहने, सामग्री आणि वाजवी प्रमाणात शिधा जकातीशिवाय आत येईल, सरकारी मोहोर असलेली कागदपत्रे जकातवाला फोडणार नाही, वगैरे. संयुक्त राष्ट्रांनीही १९९० साली आपल्या शांतिसेनांसाठी एक नमुना करार तयार केला आणि दक्षिण सुदानशी ऑगस्ट २०११ मध्ये करार झाला.

यामागचा हिशेब मला लगेच पटला. फौज बोलावल्यावरून आलेली. तिचा खर्च जगातल्या सगळ्या देशांच्या वर्गणीतून. आता यजमानाने तिच्या डाळीवर जकात लावली, तर ती एका देशाने बाकीच्या देशांच्या वर्गणीवर लावलेली पट्टी झाली. गावजेवणाला आलेल्या आचाऱ्याकडून चूल पेटवण्याचे भाडे घेण्यातला प्रकार! नमुना करार तर त्याही पुढे जातो. शिपायाच्या पगारावर तिथला कर नाही. इतर प्रत्यक्ष कर नाहीत. नोंदणी फी नाही. वाचता वाचता माझ्या तोंडाला पाणी सुटले. मग एक अपवाद आला: नगरपालिका ज्या सेवा देते, त्यांची पट्टी मात्र माफ नाही.

मी उठून बसलो. म्हणजे न्यूयॉर्कला बसून जगातल्या विद्वानांनी सगळे माफ केले, पण नळपट्टीला हात लावायची त्यांचीही छाती झाली नाही!

पुढचे कलम माझ्याच दाढीवर होते. छावणीत सैनिकांसाठी कॅन्टीन चालवता येईल, तिथला माल जकातमुक्त असेल, पण तो फक्त छावणीतल्या माणसांसाठी. बाहेरच्यांना तो विकला जाऊ नये, म्हणून सेनेने बंदोबस्त करावा. घरगुती सामान आणायचे तेही त्या मुलखात राहण्यापुरते. थोडक्यात, मानोऱ्यात पलंगावर पडून मी दक्षिण सुदानच्या तिजोरीला भोक पाडायच्या बेतात होतो.

मी तसाच खाली सरकत गेलो. सामानाच्या कलमांच्या बरेच पुढे आणखी एक कलम होते. सेनेतला माणूस तिथेच मरण पावला, तर त्याचा देह आणि त्याचे सामान ताब्यात घेण्याचा अधिकार कुणाला, याबद्दलचे. तेवढ्याच शांत भाषेत. दुसरीकडे पाहिले तर एप्रिल २०१३ मध्ये त्या देशाच्या जोंगलेई भागात दबा धरून केलेल्या हल्ल्यात आपले पाच सैनिक मारले गेल्याची बातमी होती. मी मोबाइल पालथा घातला. सकाळी जुन्याच रेझरने दाढी केली आणि दोन ठिकाणी कापून घेतले.

फौजीची माय दर महिन्याला पासबुक भरायला बँकेत येते. छापून झाले की ती आकडे पाहत नाही, मला विचारते, "आले ना बापू त्याचे पैसे?" पैसे आले म्हणजे पोरगा बरा आहे, असा तिचा हिशेब. बँकिंगच्या परीक्षेत मला असा हिशेब कुणी शिकवला नव्हता. मी ज्या महिन्यात "आले माय" म्हणे, त्या महिन्यात ती दाराशी बसलेल्या शिपायालाही "बरा हायस ना बापू" म्हणून जाई.

२०२४ च्या फेब्रुवारीपासून दक्षिण सुदानच्या सरकारने आत येणाऱ्या मालावर नवे कर आणि फिया बसवल्या. सरकारचे म्हणणे, आम्ही संयुक्त राष्ट्रांकडून घेत नाही, त्यांच्यासाठी माल आणणाऱ्या ठेकेदारांकडून घेतो. (हा युक्तिवाद मला ओळखीचा वाटला. 'शुल्क ग्राहकाकडून नाही, व्यवहाराकडून' असे मी स्वतः काउंटरवरून कितीदा सांगितले आहे!) इंधनाचे टँकर अडकले. मे महिन्यात संयुक्त राष्ट्रांना साठ हजार माणसांसाठी विमानातून टाकायची अन्नाची पोती थांबवावी लागली. मग संयुक्त राष्ट्रांच्या मालापुरती ती वसुली सरकारने मागे घेतली.

त्या दिवसांत फौजीचा फोन आला होता. मी विचारले, "काय म्हणते ड्यूटी फ्री?"

"डिझेल मोजून वापरून राह्यलो भाऊ," तो म्हणाला. "गस्त कमी झाली. रस्त्याच्या कडेले लोकं बसले रायतात, वर पाहत. इमान कवा येते म्हनून."

मला त्यावर काही बोलता येईना. आम्ही पानठेल्यावर ज्याला घड्याळ नि अत्तर समजत होतो, ती माफी तिकडे डाळीची, औषधाची नि डिझेलची होती. ती अडली की फौजीचे अत्तर अडत नव्हते, कुणाचे तरी जेवण अडत होते.

वर्ष भरल्यावर तो परतला. रापलेला, वाळलेला. गल्ली जमली. त्याने पेटी उघडली, तर आत त्याचेच कपडे, एक घोंगडी आणि मायसाठी गुडघ्याचे मलम. टीव्हीवाला पाच मिनिटांत उठून गेला. मी जायला निघालो तेव्हा त्याने मला थांबवून हातात एक खोके ठेवले. दाढीचे मशीन!

मी दचकलो. "अरे, ते कॅन्टीनचं बाहेरच्याला देता येत नाही! मी कलम वाचलंय."

"म्हनूनच नाही आनलं ना भाऊ. नागपुरात घेतलं. जीएसटी लागला. बिल आत हाय, गॅरंटीसाठी जपून ठेवा."

पैसे घ्यायला तो तयार होईना. त्याच्या मायने ऐकले आणि विचारले, "काहो बापू, तिकडे त्याले समदंच माफ होतं म्हनते?"

"हो माय, जवळजवळ सगळंच."

"मंग वरीसभर मले झोप नव्हती, थे कोनाच्या खात्यात?"

इतक्या वर्षांच्या नोकरीत ज्याची नोंद कुठे करावी हे मला सुचले नाही, असा हा एकच व्यवहार. मी बिलाची घडी घालून खिशात ठेवली.

परवा नगरपंचायतीत रांगेत उभा होतो, तर पुढे फौजी. हातात नळपट्टीची पावती. मी म्हटले, "काय रे, तिकडे ती माफ नव्हती, निदान इथं तरी?"

"कायले भाऊ," तो म्हणाला, "तिकडे पट्टी माफ नसन, पन नळाले पानी तरी येत होतं!"

रांगेतले सगळे हसले. सगळ्यात मोठ्याने खिडकीतला कारकून. मात्र पैसे त्याने मोजूनच घेतले.