यंत्राचा ठेका : बर्मिंगहॅमचा एक अल्बम आणि खान्देशातील गिरण्या

जळगाव रेल्वे स्थानकाजवळ आज जेथे ‘खान्देश सेंट्रल’ उभे आहे, ती जमीन एके काळी खान्देश मिलची होती. अमळनेर आणि धुळे येथे प्रताप शेठांच्या गिरण्या होत्या. या गिरण्यांच्या इतिहासात कापसाचे भाव येतात, भागभांडवल येते, संप येतात. साचेखात्यातला आवाज मात्र कागदावर उतरत नाही. तो आवाज संगीतात उतरू शकतो काय?

या प्रश्नाचे एक उत्तर इंग्लंडमधील बर्मिंगहॅममध्ये सापडते. १९६५ साली तेथील पत्र्याच्या कारखान्यात टोनी आयोमी या १७ वर्षांच्या मुलाच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके यंत्राने कापली. नोकरीचा तो त्याचा शेवटचा दिवस होता. त्याने प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांसाठी टोपणे घडवली, गिटारला हलक्या तारा लावल्या आणि पुढे ‘ब्लॅक सॅबथ’ उभा केला. हेवी मेटल एका अपघातातून जन्मले, असे म्हणणे फार सोयीचे आहे. पण त्या संगीताला कारखान्याचा स्पर्श झाला होता, हे नाकारता येत नाही.

पुढच्या पिढीला कारखान्याऐवजी बंद दरवाजे मिळाले. १९८०च्या दशकाच्या आरंभी ब्रिटनमधील बेकारांची संख्या ३० लाखांवर गेली. याच बर्मिंगहॅममध्ये १९८८ साली जस्टिन ब्रॉडरिक आणि जी. सी. ग्रीन यांनी ‘गॉडफ्लेश’ हा वाद्यवृंद स्थापला. पुढच्याच वर्षी, नोव्हेंबर १९८९मध्ये, नॉटिंगहॅमच्या ‘इअरेक’ कंपनीने त्यांचा ‘स्ट्रीटक्लीनर’ हा अल्बम प्रसिद्ध केला. ब्रॉडरिक तेव्हा अवघा २० वर्षांचा होता. इंडस्ट्रियल मेटल या प्रकाराच्या पायाभूत कृतींत हा अल्बम गणला जातो.

त्यात ढोलवादक नाही. ठेका धरते ते एक ड्रम मशीन. माणसाच्या हातून ठेका किंचित मागेपुढे होतो, उत्साहाने वाढतो, थकव्याने मंदावतो. यंत्राचे तसे नाही. ‘स्ट्रीटक्लीनर’मध्ये ते संथपणे घाव घालत राहते. त्याच्यावर गिटार खरवडते, बास घरघरते आणि माणसाचा आवाज जणू भिंतीपलीकडून ओरडतो. एका गीताच्या नावात तर भट्टीच आहे. हे ऐकणे सुखाचे नाही; ते सुखाचे असावे, अशी अपेक्षाही नाही.

खान्देशाला ठेक्याचे यंत्र नवे नव्हते. जाते हेही यंत्रच. असोद्याच्या बहिणाबाई चौधरींची कविता जात्याशी आणि शेताशी जोडलेली आहे. पण जाते बाईच्या हाताने फिरते. ती दमली की दगड मंदावतो आणि ओवीही मंदावते. गिरणीत हे नाते उलटले. साचा कोणासाठी थांबत नाही. माणसानेच त्याच्या गतीला जुळवून घ्यायचे.

मराठीत गिरणी गायली गेली नाही असे नाही. अण्णा भाऊ साठे, अमर शेख यांनी कामगाराचे जिणे शाहिरीत आणले. मात्र साथीला डफ आणि तुणतुणेच राहिले. शाहिरीत गिरणी हा विषय होता, ‘स्ट्रीटक्लीनर’मध्ये ती वाद्य झाली. शाहिराला समोरचा कामगार एकत्र आणायचा होता, म्हणून शब्द स्पष्ट ऐकू जाणे आवश्यक होते. ब्रॉडरिकसमोर संघटित करण्यासारखा कारखानाच उरला नव्हता. त्याच्या गाण्यात शब्द बुडतात, ते बहुधा त्यामुळेच.

१८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईत सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. पुढे तेथील गिरण्यांच्या जागी मॉल आणि मनोरे आले, तसाच मॉल जळगावातही आला. साचेखात्यात उभे आयुष्य काढलेल्या माणसाशी आजही मोठ्याने बोलावे लागते. त्या खोलीतला आवाज जपला गेला आहे तो अशाच अधू कानांत.