दोन लिटरचा हिशेब

मद्य या विषयातले मला फारसे काही कळत नाही, हे आरंभीच सांगून टाकलेले बरे. चहा उकळला की पुरेसा उकळला, एवढेच मला कळते. तरीदेखील गेल्या मे महिन्यात दुबईच्या विमानतळावर मी तासभर बाटल्यांच्या भिंतीसमोर उभा होतो, आणि माझ्या हातात कागद-पेन्सिल होती. कुणी पाहिले असते तर त्याला वाटले असते, हा गृहस्थ दुकान विकत घ्यायला आला आहे!

झाले होते असे. दुबईत नोकरीला असलेल्या माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने मला आठ दिवसांसाठी बोलावले. ही बातमी शाळेत पसरायला मधली सुट्टी पुरली. एरवी माझ्या कादंबरीची चौकशी न करणारे सहकारी एकाएकी माझ्या प्रवासाची चौकशी करू लागले. "सर, दोन लिटर चालते बरं का माणशी," असे एकाने कानाशी येऊन सांगितले. दुसऱ्याने ब्रँडचे नाव चिठ्ठीवर लिहून दिले. भूगोलाच्या सरांना दुबई नकाशावर कुठे आहे हे सांगताना थोडा विचार करावा लागला असता. पण तिथल्या दुकानातला भाव त्यांना तोंडपाठ होता.

दोन लिटरची गोष्ट मात्र खरी. परदेशाहून येणाऱ्या प्रवाशाला दोन लिटरपर्यंत मद्य सीमाशुल्काशिवाय आणता येते. तेही स्वतःसाठी किंवा भेट म्हणून; विकण्यासाठी नव्हे. आणि महाराष्ट्रात ते घरी ठेवायचे नि प्यायचे तर कायद्याने परवाना लागतो, कारण १९४९ चा दारूबंदीचा कायदा आजही पुस्तकात आहे. पिण्याचा आजन्म परवाना देणारा दारूबंदी कायदा! हा विनोद कुठल्याही विनोदी लेखकाला सुचला नसता.

ही ड्यूटी-फ्रीची कल्पना निघाली आयर्लंडमधल्या शॅनन विमानतळावर, १९४७ साली. त्या काळी अटलांटिक ओलांडणारी विमाने तिथे इंधनासाठी उतरत. प्रवासी ताटकळत बसत. ब्रेंडन ओरिगन नावाच्या गृहस्थाच्या मनात आले की, हे लोक देशाच्या उंबरठ्यावर आहेत, घरात आलेले नाहीत. मग घरातला कर त्यांना का? तिथून हे दुकान जगभर पसरले. १९६० साली हाँगकाँगमध्ये अशाच धंद्याचा पाया घालणारा चक फीनी नावाचा अमेरिकन अब्जाधीश झाला, आणि त्याने जवळजवळ सगळी मिळकत जिवंतपणी दान करून टाकली. म्हातारपणी तो भाड्याच्या घरात राही आणि स्वस्तातले घड्याळ वापरी. २०२३ साली तो वारला. प्रवाशांच्या 'वाचलेल्या' पैशांतून केवढी संपत्ती जमते, ते यावरून कळावे.

आता माझा कागद-पेन्सिलीचा हिशेब. आपल्याकडे दुकानात मिळते ती बाटली बहुधा ७५० मिलिलिटरची. विमानतळावरची बहुधा पुऱ्या लिटरची. समजा, इथली बाटली ३००० रुपयांना आणि तिथली ३२०० ला. घाईत माणूस म्हणतो, तिथे महाग. पण इथल्या भावाने लिटर पडतो ४००० ला. म्हणजे ८०० रुपये वाचले. उलट, जे मद्य आपल्याच देशात तयार होते, ते परदेशी विमानतळावरून आणण्यात काडीचा अर्थ नाही. फायदा असतो तो बाहेरच्या मालात, कारण कर त्याच्यावरच जबर. बाहेरून येणाऱ्या दारूवर हिंदुस्थानात कितीतरी वर्षे दीडशे टक्के सीमाशुल्क होते. त्यावर राज्याचा कर वेगळा. पण तेही आता सरकू लागले आहे. महाराष्ट्राने नोव्हेंबर २०२१ मध्ये आयात स्कॉचवरचे उत्पादनशुल्क ३०० टक्क्यांवरून १५० वर आणले. जुलै २०२५ मध्ये ब्रिटनशी झालेल्या करारात स्कॉचवरचे सीमाशुल्क आधी ७५ आणि दहा वर्षांत ४० टक्क्यांपर्यंत उतरवण्याचे ठरले. भिंत जितकी खाली येईल, तितके तिच्यावरून उडी मारण्याचे सुख कमी.

शिवाय ओझे आहे. २००६ साली लंडनमध्ये द्रवरूप स्फोटकांचा कट उघडकीस आल्यापासून हातातल्या सामानात १०० मिलिलिटरहून मोठी बाटली बहुतेक ठिकाणी चालत नाही. दुकानदार मोहोरबंद पिशवीत बाटली देतो. ती वाटेत फोडायची नाही. मधे विमान बदलायचे असेल, तर पुन्हा तपासणी आणि पुन्हा धाकधूक. आणि मौज अशी की, मुंबईला उतरल्यावर कस्टमच्या दाराआधी तसलेच एक दुकान आहे, हे मला दुबईपासून काचेचे ओझे वाहून आणल्यावर दिसले!

एवढा हिशेब करून मी दोन बाटल्या घेतल्या. एक मुख्याध्यापकांसाठी. त्यांनी "किती झाले?" म्हणून विचारले, मी "असू द्या हो" म्हणालो, आणि त्यांनी ते असू दिले. म्हणजे वाचलेले ८०० रुपये आणि न वाचलेले ३२००, दोन्ही त्यांचे. ज्यांना मिळाली नाही, ते भूगोलाचे सर पंधरा दिवस माझ्याशी तुटकपणे बोलत होते.

दुसरी बाटली दादासाठी होती. त्याने ती मागितली नव्हती. मागणार कसा? चार वर्षे आमच्यात बोलणेच नव्हते. वडील गेले आणि गावच्या घराच्या वाटणीवरून, म्हणजे नेमके सांगायचे तर एका पडवीवरून, आम्ही दोघे शहाणे भाऊ अडाण्यासारखे वागलो.

त्या भिंतीसमोर उभा असताना मला वीस-बावीस वर्षांपूर्वीची एक रात्र आठवली होती. मी विशीतला, दादा तिशीतला. गोव्याहून एस.टी.ने परतत होतो. दादाच्या पिशवीत टॉवेलात गुंडाळलेली एक बाटली. बांद्याजवळ नाक्यावर गाडी थांबली आणि उत्पादनशुल्काचा माणूस आत चढला. माझ्या कपाळावर घाम, ओठ पांढरे. तो माझ्यापाशीच थांबला. "काय रे, काय होतंय?" दादा शांतपणे म्हणाला, "बस लागते साहेब त्याला. आता ओकेल." साहेब दोन पावले मागे सरला आणि खाली उतरून गेला. गाडी हलल्यावर दादा एवढा हसला की पुढच्या बाकावरची म्हातारी जागी झाली. त्या रात्री आम्ही कायदा मोडला, हे शिक्षक म्हणून मला मान्य करायला हवे. पण त्या हसण्यावर कुठलाच कर नव्हता, आणि ते मला पुन्हा हवे होते.

जूनमध्ये शाळा सुरू होण्याआधी गावी गेलो. वहिनींनी पाणी दिले. दादा पडवीतच बसला होता. त्याच त्या पडवीत. मला तो निम्मा वाटला. मी काही न बोलता पिशवी पुढे केली. त्याने बाटली बाहेर काढली, चष्मा लावून तिच्यावरचे अक्षर न् अक्षर वाचले आणि सावकाश परत ठेवली.

"चांगली आहे," तो म्हणाला. "पण मला आता चालत नाही रे. दोन वर्षं झाली सोडून."

आतून वहिनी म्हणाल्या, "श्रावणात आठ दिवस कोल्हापूरला दवाखान्यात होते, भावजी. 'त्याला कळवू नका' म्हणाले."

तो श्रावण मला आठवला. मी त्या महिन्यात कादंबरीचे शेवटचे प्रकरण लिहीत होतो. दोन भावांच्या समेटाचे होते ते प्रकरण. वाचकांची पत्रे आली होती.

मी मान खाली घालून बसलो. किती पैसे वाचले, हा हिशेब मी दुबईत अगदी पैपर्यंत केला होता. चार वर्षांत काय गेले, त्याची बेरीज कुठल्या कागदावर मांडायची? माझ्या सख्ख्या भावाने दारू सोडली, हे ज्याला दोन वर्षे ठाऊक नाही, त्याने त्याच्यासाठी दोन हजार किलोमीटरवरून दारू आणावी! याहून महाग बाटली कुणी घेतली असेल, असे मला वाटत नाही.

तेव्हा ड्यूटी-फ्री घ्यावी का, असे कुणी विचारले, तर माझे उत्तर तयार आहे. प्रवास होणारच असेल, घेणारा मुळात घेणाराच असेल, माल बाहेरचा असेल आणि भाव लिटरने ताडून पाहिला असेल, तर जरूर घ्यावी. थोडे पैसे खरोखरच वाचतात. मात्र कुणासाठी न्यायची असेल, तर आधी त्याला एक फोन करावा. तो बाटलीपेक्षा पुष्कळ स्वस्त पडतो.

वहिनींनी चहा आणला. बराच वेळ कुणीच बोलेना. माझा घसा दाटून आला होता आणि बहुधा चेहराही पांढरा पडला असावा. कारण दादाने बशी खाली ठेवली, माझ्याकडे निरखून पाहिले आणि विचारले,

"काय रे, अजून बस लागते वाटतं तुला?"