एक हंगाम, एक टायर

टायर म्हणजे काय? काळा, गोल आणि रबराचा. त्यावरून रात्री एक वाजेपर्यंत भांडण्यासारखं काय आहे, असं तुम्हांला वाटेल. मलाही तसंच वाटायचं. पण २००४ सालच्या एप्रिल महिन्यात कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या एका गॅरेजमध्ये आम्ही अकराजण एका जुन्या टायरभोवती कोंडाळं करून बसलो होतो आणि अक्षरशः घसा बसेपर्यंत भांडत होतो. चहाच्या तीन फेऱ्या झाल्या. गॅरेजच्या मालकांनी शटर अर्धं खाली ओढलं. तरी कुणी उठायला तयार नाही!

झालं होतं ते असं. उद्यमनगर म्हणजे लेथ, फौंड्री आणि वेल्डिंगच्या ठिणग्या. तिथल्या पोरांना इंजिन उघडून परत जोडणं म्हणजे तुम्हांला दप्तर भरण्याइतकं सोपं. त्यामुळे मोटरसायकलचा नाद तर असणारच. आदल्या हिवाळ्यात आम्ही काहीजणांनी मिळून गावाबाहेरच्या एका माळावर हौशी मंडळींसाठी शर्यती सुरू केल्या. नोव्हेंबर ते मार्च, दर महिन्यातला एक रविवार, अशा पाच शर्यती. पाचींचे गुण एकत्र करून शेवटी विजेता ठरायचा. मुरुमाची लंबगोल वाट, जमीनमालकाची परवानगी, डॉक्टर हजर. हेल्मेट, बूट आणि लायसन्स नसेल त्याला आत पाऊल टाकू देत नसू. (भर रस्त्यात गाड्या पळवणारे 'हिरो' तुम्ही पाहिले असतील. त्यांना आमच्याकडे प्रवेश नव्हता.) माझं अक्षर बरं, म्हणून मला चिटणीस केलं होतं. गाडी मीही चालवायचो. बहुतेक वेळा शेवटून दुसरा यायचो!

पहिल्या शर्यतीला २२ गाड्या आल्या. चौथ्या शर्यतीला उरल्या ९. बाकीच्या गेल्या कुठे?

याचं उत्तर टायरमध्ये होतं. धावणारी मोटरसायकल जमिनीला टेकते कुठे? फक्त दोन ठिकाणी. आणि टेकलेला रबराचा तुकडा असतो जेमतेम तुमच्या तळहाताएवढा. इंजिन कितीही ताकदवान असू दे, त्याची सगळी ताकद मागच्या चाकाच्या त्या तळहाताएवढ्या तुकड्यातूनच जमिनीपर्यंत पोचते. गाडी वळवायची ती याच दोन तुकड्यांच्या भरवशावर आणि थांबवायची तीही.

आता तुमच्या कंपासपेटीतली खोडरबरं आठवा. एक मऊ असतं. छान खोडतं, पण महिन्याभरात संपतं. दुसरं कडक, रंगीत, वासाचं. ते वर्षभर टिकतं, पण वहीवर नुसता काळा फराटा ओढतं. टायरचंही तसंच असतं. मऊ रबर जमिनीला घट्ट धरतं आणि लवकर झिजतं. कडक रबर टिकतं, पण घसरतं. त्यात आमची वाट मुरुमाची. तिथे 'बटन टायर' लागतो, म्हणजे ज्याच्या अंगावर रबराचे ठोकळे उभे असतात तो. गोलंदाजाच्या बुटाचे खिळे जसे मातीत रुततात, तसे हे ठोकळे रुततात. मात्र त्यांच्या कडा धारदार आहेत तोवरच. दोन शर्यती झाल्या की कडा गोल होतात आणि मागचं चाक वळणावर बाहेर पळायला लागतं.

आमच्यातला एकजण चांगल्या घरचा होता. तो प्रत्येक शर्यतीला मागचा टायर कोरा करकरीत घालून यायचा आणि जिंकायचा. त्यात त्याची काहीच चूक नव्हती. आम्ही टायरचा नियमच केला नव्हता! त्याचं बघून दुसऱ्याने घेतला, मग तिसऱ्याने उधारीवर घेतला.

फौंड्रीत साचे भरणारा १९ वर्षांचा एक मुलगा होता. आमच्यात सर्वांत लहान, म्हणून त्याला इथे धाकटाच म्हणतो. त्याने भंगारातली आर.एक्स. १०० घेऊन स्वतःच्या हातांनी उभी केली होती. पहिल्याच शर्यतीत पठ्ठ्या दुसरा आला होता. चौथ्या शर्यतीला मात्र तो हाताची घडी घालून दोरीबाहेर उभा दिसला.

"काय रे, गाडी कुठाय?"

"गाडी हाय की दादा. टायर न्हाई." मग जरा थांबून म्हणाला, "आता बघायलाच येणार मी."

तेव्हा ती रात्रीची बैठक ही अशी ठरली.

कुणी म्हणालं, सगळ्यांना एकाच कंपनीचा, एकाच जातीचा टायर सक्तीचा करा. ही कल्पना काही वेडगळ नव्हती. त्याच वर्षी, म्हणजे २००४ साली, वर्ल्ड सुपरबाइक या जगप्रसिद्ध मालिकेने सर्वांना पिरेलीचेच टायर देण्याची पद्धत सुरू केली होती. मोटोजीपीनेही पुढे २००९ पासून हाच मार्ग धरला. पण ते लोक शर्यतीच्या जागी ट्रक भरून टायर आणतात. आम्हांला कोण आणून देणार? दुकानातला माल संपला, तर निम्म्यांनी काय घरी बसायचं? शिवाय आमच्या गाड्या दहा तऱ्हेच्या, चाकांचे आकार वेगवेगळे.

गॅरेजचे मालक म्हणाले, "साधे रस्त्यावरचे टायर घाला की. घसरतील ते सगळेच सारखे घसरतील." यावर बराच वेळ खल झाला. मला तर हेच पटत आलं होतं. पण ज्यांनी पोटाला चिमटा काढून बटन टायर घेतले होते, त्यांचं काय? काल घेतलेली वस्तू आज भंगारात घालायला लावणारा नियम माणसं मनापासून पाळत नाहीत. आणि त्यांचं तरी काय चुकतं?

मग मी कागद पुढे ओढला आणि एक ओळ लिहिली : 'प्रत्येक स्पर्धकाने संपूर्ण हंगामात मागचा एकच टायर वापरावा.' कोणत्याही कंपनीचा घ्या, कसलाही घ्या, पण एकच. पैसेवाला आणि बिनपैशाचा, दोघं सारखे! टायरवर पिवळ्या ऑइलपेंटने नंबर टाकायचा, म्हणजे बदलाबदली नको. सगळ्यांनी माना डोलावल्या. कुणीतरी 'एक हंगाम, एक टायर' अशी घोषणाच दिली. खोटं कशाला सांगू, त्या रात्री मी घरी गेलो तो छाती फुगवूनच.

आणि नियम चाललाही! २००४च्या नोव्हेंबरात २६ गाड्या आल्या. धाकटा परत आला. कमी झिजावा म्हणून जो तो वळणावर जपून थ्रॉटल द्यायला शिकला. एका बाजूच्या कडा गोल झाल्या की टायर रिमवरून काढून उलटा बसवायचा, म्हणजे दुसऱ्या बाजूच्या कडा कामाला येतात, ही युक्ती धाकट्यानेच सगळ्यांना दाखवली. पुढे तर हॅकसॉच्या पात्याने ठोकळ्यांना नव्या चिरा पाडायलाही पोरांनी सुरुवात केली. मला त्याचं कौतुकच वाटायचं. पोरं टायर कापतायत याचा अर्थ टायर संपलाय, एवढं काही माझ्या डोक्यात आलं नाही.

फेब्रुवारीतल्या शर्यतीच्या आठ दिवस आधी धाकटा माझ्याकडे आला. "दादा, टायरला पार टक्कल पडलंय. मित्राचा जुना मिळतोय, बरा हाय. घालू का?"

मी म्हणालो, "नियम म्हणजे नियम."

त्या रविवारी सहाव्या फेरीत, तिसऱ्या वळणावर त्याचं मागचं चाक निघालं. गाडी आडवी झाली. मागून येणाऱ्याला थांबायला जागाच नव्हती. त्याने कशीबशी गाडी वळवली, पण पुढचं चाक धाकट्याच्या खांद्याला लागलंच. खांद्याजवळचं हाड मोडलं. आमचं नशीब, की तेवढ्यावरच निभावलं.

दवाखान्यात त्याची आई आली. तिला गाडीतलं काही कळत नव्हतं, पण प्रश्न अगदी नेमका विचारला. "एवढा झिजला हुता, तर बदलायचा न्हाई व्हय?"

"बदलता येत न्हवता आई. नियम हाय."

"कुणी केलाय असला नियम?"

कुणीच माझ्याकडे पाहिलं नाही. त्यांनी पाहिलं असतं, तर बरं वाटलं असतं.

मार्चची शर्यत आम्ही रद्द केली. धाकट्याचा हात गळ्यातल्या झोळीतून बाहेर यायला एप्रिल उजाडला. आणि मग आली १९ जून २००५ची रात्र. अमेरिकेत इंडियानापोलिस इथे फॉर्म्युला वन मोटारींची शर्यत होती. आपला नारायण कार्तिकेयन जॉर्डन संघाकडून उतरणार होता, म्हणून आम्ही सगळे त्याच गॅरेजमध्ये टीव्हीपुढे जमलो. त्या वर्षी फॉर्म्युला वनमध्ये नवा नियम होता. पात्रता फेरी आणि अख्खी शर्यत टायरच्या एकाच संचावर पूर्ण करायची. ऐकल्यासारखं वाटतंय ना? शुक्रवारच्या सरावात तेराव्या वळणावर राल्फ शूमाखरच्या गाडीचा टायर निकामी झाला आणि गाडी भिंतीवर आदळली. तिथे वाट एका बाजूला कललेली आणि वेग प्रचंड. या वळणावर पूर्ण वेगात आपले टायर टिकतील याची खात्री देता येत नाही, असं मिशेलिन कंपनीने स्वतःच जाहीर केलं. म्हणजे इथे मुळात टायरच कमी पडला होता. त्यात नेहमीसारखी टायर बदलत राहण्याची मुभाही नव्हती. वळणाचा वेग कमी करण्यासाठी तिथे अडथळा घालावा, असं काही संघ म्हणाले. ते मान्य झालं नाही.

२० गाड्या निघाल्या. सुरुवातीची फेरी संपली आणि एकामागून एक १४ गाड्या सरळ पिटमध्ये शिरल्या! मैदानात राहिल्या सहा, सगळ्या ब्रिजस्टोनच्या टायरवाल्या. प्रेक्षक हुर्यो करत होते. त्या सहांत आपला कार्तिकेयन चौथा आला आणि त्याला पाच गुण मिळाले. फॉर्म्युला वनमध्ये भारतीयाने मिळवलेले ते पहिलेच गुण. टाळ्या वाजवाव्यात की नाही, आम्हांला कळेना.

तेवढ्यात धाकटा म्हणाला, "दादा, यांचा चिटणीसपण तुमच्यासारखाच दिसतोय की!"

गॅरेज हसून हसून फुटलं. मीही हसलो. फार दिवसांनी हसलो. पुढच्या वर्षी, २००६ साली, फॉर्म्युला वनवाल्यांनी शर्यतीत टायर बदलायला पुन्हा परवानगी दिली.

आम्ही मात्र तेवढं थांबलो नाही. जुलैत, धो धो पावसात पुन्हा बसलो. या वेळी मी कागद पुढे ओढला नाही. धाकट्याच्या हातात दिला. त्याला लिहायचा कंटाळा, म्हणून तो बोलला आणि मी लिहिलं. हंगामाला मागचे दोन टायर. नवे असोत की जुने, मापात बसले पाहिजेत. दोन्ही झिजले, तर तिसरा घालायला कुणालाही आडकाठी नाही. फक्त त्या दिवशी शेवटच्या रांगेतून सुटायचं.

"आणि ज्याला दुसरा टायर परवडत न्हाई त्याचं?" कुणीतरी विचारलं.

यावर तो चांगल्या घरचा मुलगा, जो दोन्ही बैठकांत एक अक्षर बोलला नव्हता, तो खाली बघत म्हणाला, "माझ्या माळ्यावर पाच पडून आहेत. एकेकदाच वापरलेले." दुसऱ्या दिवशी ते पाचही टायर गॅरेजच्या भिंतीला लटकले. हवा त्याने न्यावा, झेपतील तेवढे पैसे डब्यात टाकावेत.

सर्वांत जास्त वेळ गेला तो 'झिजलेला' या एका शब्दावर. झिजलेला म्हणजे किती झिजलेला? तुम्ही म्हणाल, काय ही शब्दांची कीस! पण २०१३ साली ऑस्ट्रेलियात फिलिप आयलंडला काय झालं ते ऐका. तिथल्या नव्या डांबरावर टायर तग धरेनात. म्हणून मोटोजीपीच्या पंचांनी ऐनवेळी शर्यत १९ फेऱ्यांवर आणली आणि एका टायरवर दहापेक्षा जास्त फेऱ्या मारायच्या नाहीत, मधे गाडी बदलायची, असं ठरवलं. मार्क मार्केझच्या संघाचा मोजण्यात घोळ झाला. तो एक फेरी उशिरा आत आला आणि त्याला काळा झेंडा दाखवून बाद केलं. (त्या वर्षीचा जगज्जेता तरी तोच झाला, तेही विसाव्या वर्षी!) जगातल्या सर्वांत हुशार संघाची ही गत, तर आमचं काय?

'झिजलेला'चा गुंता धाकट्याने सोडवला, तोही शब्दांशिवाय. फौंड्रीतून येताना त्याने पत्र्याची एक पट्टी आणली. कानशीने घासून तिच्या टोकाला एक खाच पाडली होती. पट्टीचं टोक दोन ठोकळ्यांच्या मधल्या फटीत उभं करायचं. खाच रबराला टेकली, तर टायर पास. टेकली नाही, तर बाद. मोजणं नाही, वाद नाही, दहा वर्षांच्या पोरालाही जमेल. त्या दिवसापासून टायर तपासायचं काम त्याच्याकडे गेलं.

२००५च्या नोव्हेंबरातली पहिली शर्यत. मी ऐटीत गाडी रांगेत लावली. धाकटा पट्टी घेऊन आला, वाकला, माझ्या मागच्या टायरमध्ये तीन ठिकाणी घालून पाहिली. मग खडूने टायरवर फुली मारली.

"अरे, एवढीशी तर फट राहतेय!" मी म्हणालो.

त्याने मनगटावरचं घड्याळ पाहिलं. "पाऊण तास हाय दादा. झाडाखाली पंक्चरवाला बसलाय, डिक्कीत भिंतीवरचा एक टायर टाकून आणलाय. चला, चाक काढा. मी पाना घेऊन येतो."