आधी विचारणे, मग उपचार

‘उपचार’ हा शब्द आपल्या भाषेत दोन ठिकाणी सारख्याच अधिकाराने नांदतो. देवघरात तो षोडशोपचार होतो आणि रुग्णालयात औषधोपचार. पूजेतील स्नान, गंध, पुष्प हे सारे पुढचे; आरंभी ध्यान, मग आवाहन, मग आसन. ज्याची सेवा करावयाची त्याच्याकडे प्रथम चित्त लावावे, त्यास बोलवावे, बसवावे, आणि त्यानंतरच हात लावावा, असा हा क्रम आहे. रुग्णसेवेसही असाच एक क्रम आहे, आणि त्यातील पहिली पायरी गाळली तर पुढच्या साऱ्या पायऱ्या कशा निष्फळ होतात, याचा प्रत्यय आम्हांस सीमाभागात आला.

परिचारिकाशास्त्रात या क्रमास ‘नर्सिंग प्रोसेस’ असे म्हणतात. १९६१ साली अमेरिकेतील आयडा जीन ऑर्लँडो या विदुषीने परिचारिका व रुग्ण यांच्या परस्परसंबंधांवर ग्रंथ लिहिला. तिचे सांगणे साधे होते. रुग्णाकडे पाहून परिचारिकेच्या मनात जे अनुमान उठते, ते रुग्णासच विचारून पडताळावे आणि मग कृती करावी. पुढे १९६७ साली हेलन युरा व मेरी वॉल्श यांनी या पद्धतीची चार पायऱ्यांत मांडणी केली. आज त्या पाच मानतात : पाहणी, परिचर्या-निदान, योजना, कृती आणि फेरपाहणी. आपल्याकडील परिचारिकांनाही त्या शिकविल्या जातात. डॉक्टरांचे निदान रोगाचे असते. परिचारिकेचे निदान त्या रोगाने माणसाच्या जगण्यात जी अडचण आणली तिचे असते. हाड मोडले हे डॉक्टर सांगतील. परंतु त्यामुळे रुग्णास कूस बदलता येत नाही आणि पाठीची कातडी धोक्यात आहे, हे परिचारिकेने ओळखावयाचे.

बीदर जिल्ह्याच्या बसवकल्याण तालुक्यात कोहिनूर नावाचे गाव आहे. नाव जगप्रसिद्ध हिऱ्याचे, वस्ती मात्र साध्या कष्टकऱ्यांची. हा मुलूख पूर्वी हैदराबाद राज्यात होता. १९५६ सालच्या राज्यपुनर्रचनेत बीदर जिल्ह्याचे तालुके तीन राज्यांत वाटले गेले. पण घराघरांतल्या भाषा काही वाटल्या गेल्या नाहीत. मराठी, कन्नड, दखनी एकाच ओसरीवर बसतात. तेथील आमच्या एका स्नेह्यांच्या वृद्ध मातोश्री अंगणात पडल्या आणि त्यांचे खुब्याचे हाड मोडले. त्यांना जवळच्या शहरातील एका रुग्णालयात ठेवले होते, तेव्हा आम्ही काही दिवस त्यांच्या सोबतीस होतो.

दुसऱ्या दिवशी आजी म्हणू लागल्या, “पाठीला भगभगतंय गं बाई.” दक्षिणेकडून नव्याने आलेल्या परिचारिकेने ‘पाठ’ एवढा शब्द ओळखला, दुखत असेल असे मानले आणि दुखण्याची गोळी दिली. उशाशी पाहणीचा छापील तक्ता होता. त्यात ‘त्वचा’ या रकान्यात ‘ठीक’ अशी खूण होती. शेजारच्या चारही खाटांच्या तक्त्यांवर तीच खूण होती. दोषारोप करण्याचा आमचा हेतू नाही. एका मुलीच्या अंगावर रात्री तीस खाटा टाकल्या, तर तिच्या हातून रकाने भरले जातील, रुग्ण पाहिले जाणार नाहीत.

तिसऱ्या दिवशी दुसरी परिचारिका आली. तिलाही मराठी येत नव्हते, पण ती थांबली. “नोवु?” दुखते का, असे तिने कन्नडात विचारले. आजींनी मान हलविली. “उरि?” आग होते का? आजी म्हणाल्या, “हां, उरि, उरि!” तिने लगेच आजींना कुशीवर वळवून पाहिले. माकडहाडापाशी तांबडा डाग होता. बोटाने दाबला तरी पांढरा पडेना. शय्याव्रणाची ती सुरुवात होती. तिने लिहिले : दर दोन तासांनी कूस बदलावी, चादरीस सुरकुती नसावी, कातडी कोरडी ठेवावी. दुसऱ्या दिवशी तिने पुन्हा वळवून पाहिले, आणि जे दिसले ते पुन्हा लिहिले. चार दिवसांत डाग ओसरला. पाचही पायऱ्या आम्ही डोळ्यांनी पाहिल्या, आणि त्यांचे दार एका शब्दाने उघडले होते.

आपल्या पूर्वजांस हे ठाऊक होते. चरकसंहितेत चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत : वैद्य, औषध, परिचारक आणि रोगी. परिचारकाच्या गुणांत उपचारांचे ज्ञान, दक्षता, अनुराग आणि शुचिता येतात. पण विशेष हे की रोग्याच्याही गुणांत ‘ज्ञापकत्व’, म्हणजे आपले दुखणे सांगता येणे, हा एक गुण मानला आहे. आता ज्याला सांगावयाचे त्याला आपली भाषाच कळत नसेल, तर हा गुण रोग्याने कोठून आणावा? मराठीत ठणका वेगळा, कळ वेगळी, चमक वेगळी, ठसठस वेगळी, भगभग त्याहून वेगळी. या प्रत्येक शब्दात निदानाचा एक धागा आहे. ‘दुखते’ एवढ्याच शब्दात ते सारे कोंबले की धागा तुटतो. कारवार-मंगळूरकडे परभाषक परिचारिकेपुढे निजलेल्या कोंकणी आजीबाईंची स्थितीही याहून निराळी नसावी.

म्हणून आम्हांस असे सुचवावेसे वाटते, की आपल्या देवस्थानांनी व मंडळांनी वर्गणीतून चादरी आणि फळे वाटावीत, तशीच एक लहानशी पत्रिकाही छापून द्यावी. तीत दुखण्याचे पंचवीस-तीस शब्द मराठी, कोंकणी आणि कन्नड या तिन्ही भाषांत समोरासमोर असावेत, आणि ती प्रत्येक खाटेशी टांगावी. खर्च फार नाही. दोन्ही-तिन्ही भाषा जाणणाऱ्या आपल्या तरुणांनी आठवड्यातून एक संध्याकाळ कक्षात जाऊन बसावे आणि परिचारिकेचा प्रश्न रुग्णापर्यंत व रुग्णाचे उत्तर परिचारिकेपर्यंत पोचवावे. तक्ता भरणे हे परिचारिकेचे काम खरे. पण त्या तक्त्यात खरे उत्तर पडावे, यासाठी समाजानेही थोडे झिजावयास हवे.