फुग्यातून निसटलेला वायू

जत्रेतून हौसेने आणलेला रबरी फुगा रात्री छताला टेकलेला असतो आणि सकाळी पाहावे तो जमिनीवर सुरकुतून पडलेला! गाठ जशीच्या तशी. भोक कोठेही नाही. मूल हिरमुसते, वडीलमंडळी फुगेवाल्याला बोल लावतात. त्या बिचाऱ्याचा काहीच अपराध नसतो.

फिलाडेल्फियाचे वैद्य जॉन मिचेल यांनी १८३० च्या सुमारास हाच प्रकार पाहिला. निरनिराळे वायू भरून त्यांनी तो पडताळला, तेव्हा प्रत्येक वायू आपापल्या गतीने रबरातून बाहेर पडतो, असे त्यांना आढळले. पुढे १८६६ साली टॉमस ग्रॅहम यांनी त्यातील मर्म उलगडले. हे गृहस्थ लंडनच्या टाकसाळीचे प्रमुख. सोन्यारुप्याबरोबर त्यांना वायूंचीही पारख होती! साखर पाण्यात विरघळावी, तसा वायू रबरात विरघळतो आणि आतून सरकत पलीकडे मोकळा होतो, असे त्यांनी सांगितले. रबराच्या पातळ पडद्यातून त्यांनी साधी हवा निर्वात पात्रात ओढून घेतली. मूळ हवेत प्राणवायू शेकडा २१. पलीकडे तो शेकडा ४१.६ भरला. नुसती धुमसणारी काडी त्या हवेत पुन्हा पेटली.

तरीही अशा पडद्यांना कारखान्यांत मानाचे स्थान मिळण्यास शंभरावर वर्षे लागली. पडदा जाड करावा, तर वायू मुंगीच्या पावलाने जाणार. पातळ करावा, तर त्यात सूक्ष्म छिद्रे राहणार आणि त्यांतून सगळेच वायू सरसकट धावत सुटणार. इकडे अमोनियाच्या कारखान्यांत नायट्रोजन व हायड्रोजन यांच्या फेऱ्या चालत असता निरुपयोगी वायू साचत. ते बाहेर सोडताना मोलाचा हायड्रोजनही हातचा जाई.

अमेरिकेतील मॉन्सँटो कंपनीच्या हेनिस व ट्रिपोडी यांनी निर्दोष पडद्याचा हट्टच सोडला. पॉलिसल्फोन या पॉलिमरच्या बारीक, पोकळ तंतूंवर त्यांनी सिलिकोन रबराचा पातळ लेप दिला. वायूंची निवड करण्यात हे रबर अगदीच ढिले. पण ते छिद्रांत जाऊन बसले, की लोंढा थांबतो आणि निवडीचे काम पॉलिसल्फोनकडेच राहते. १९८० च्या सुमारास अशा तंतूंचे जुडगे कारखान्यांत बसू लागले. बाहेरून मिश्र वायू दाबाने वाहतो; हायड्रोजन तेवढा झपाट्याने तंतूच्या पोकळीत शिरतो आणि पुन्हा अमोनियाच्या कामी लागतो.