तार लावून मग माप घे

मिरजेच्या सतारमेकर गल्लीत नवखा माणूस आला की आधी भोपळ्यांचे फोटो काढतो. काढावेत, दृश्यच तसं आहे. पंढरपूरकडच्या भीमाकाठी पिकलेले, माणसाच्या डोक्याहून मोठे कडू भोपळे छताला टांगून सुकत असतात. तंबोऱ्याचा जीव मात्र ज्या जागी असतो ती जागा फोटोत येत नाही. तबलीवर बसवलेली एक रुंद घोडी, तिच्यावरून गेलेल्या चार तारा, आणि प्रत्येक तारेखाली सरकवलेला सुताचा दोरा, एवढाच तो सगळा मामला. सांगलीत मेकॅनिकल इंजिनिअरिंग केलं, पुण्यात मिक्सरपासून व्हीलचेअरपर्यंत वस्तूंचं डिझाइन केलं, आणि आता या दोन बोटांच्या पट्टीवर माझं पोट चालतं.

मी प्रवासात नेता येईल असा तंबोरा करते. गायिकांचा त्रास जुना आहे. भोपळ्याचा तंबोरा विमानात सामानात टाकायचा म्हणजे तो फुटून निघण्याची तयारी ठेवायची, आणि हातातल्या बॅगेला बहुतेक कंपन्या 55 सेंटिमीटर लांबी देतात. बायकांच्या तंबोऱ्याची नुसती तारच त्याहून बरीच लांब. तार आखूड केली तर स्वर टिकवायला ती जाड घ्यावी लागते किंवा ढिली सोडावी लागते, आणि दोन्हींत आवाज दबतो. म्हणून तार पूर्ण लांबीची ठेवून दांडीच दोन तुकड्यांत करायची आणि भोपळ्याच्या जागी खोकं बसवायचं ठरवलं.

यात इंजिनिअरिंगचा भाग सरळ होता. हिशेब केला तर एकेका तारेची ओढ पाचेक किलो येते, चारांची वीसच्या आसपास. ही ओढ सांध्याची वैरी न होता त्याच्या कामी यावी, म्हणून पाचरीसारखा निमुळता पितळी सांधा काढला. तारा चढवल्या की तो आणखी घट्ट बसतो. कुपवाडच्या एमआयडीसीतल्या एका वर्कशॉपने तो सीएनसीवर करून दिला. ड्रॉइंगवरचे टॉलरन्स बघून तिथला ऑपरेटर म्हणाला, "ताई, पंपाला लावायचंय का?" तंबोऱ्याला म्हटल्यावर त्याने मशीन थांबवून नीट बघितलं.

तो सांधा घेऊन मी चाचांकडे गेले. चाचा म्हणजे ज्यांच्याकडे मी बसते ते कारागीर. त्यांचं घराणं मूळ शिकलगारांचं, हत्यारांना धार लावणाऱ्यांचं. मिरजेत वाद्यं करण्याची सुरुवातच अशी झाली. 1850 च्या सुमारास फरीदसाहेब नावाच्या शिकलगारांनी हत्यारांवरचा हात सतारीवर वळवला आणि पुढे गल्लीच उभी राहिली. त्यामुळे 'तुम्ही इंजिनिअर असून कारागिरीकडे कशा वळलात' असं कुणी कौतुकानं विचारलं की मला जरा गंमत वाटते. या गावात धंदा बदलूनच धंदा सुरू झालाय. पुढे मिरजेत येऊन राहिलेले खाँसाहेब अब्दुल करीम खाँसुद्धा नुसते गात नव्हते, वाद्यं स्वतः खोलून दुरुस्त करत.

चाचांनी सांधा उलटसुलट केला, स्क्रूच्या भोकांवर नख ठेवलं. "हे गोल का केलीस? पावसाळ्यात लाकूड फुगतंय, पितळ फुगत नाही. जागा दे की त्याला." तुणीचं लाकूड रेषेच्या दिशेनं फारसं हलत नाही, आडवं मात्र हलतं. हे मला पुस्तकातून माहीत होतं, पण पुस्तकात मिरजेचा जुलै नव्हता. भोकं आडवी लांबट करून घेतली.

खरं काम यानंतरचं, जवारीचं. घोडीचा माथा सपाट दिसतो, पण तारेच्या दिशेनं तो किंचित उतरता असतो. हा उतार कागदाच्या जाडीच्या हिशेबातला. तार घोडीला एका टोकावर टेकून थांबत नाही, ती त्या उतारावर लोळते. कंप पावताना तिचा टेकण्याचा बिंदू मागेपुढे होतो, आणि त्यातून वरचे स्वर पुन्हा पुन्हा जागे होतात. म्हणून तंबोऱ्याचा आवाज तार छेडताच संपत नाही, छेडल्यावर उघडत जातो. दोरा एका केसाइतका पुढेमागे केला की तार कुठे सुटायची ते बदलतं. सी. व्ही. रामन यांनी 1921 साली यावर निबंध लिहिला होता. तारेचा जो बिंदू छेडल्यावर एखादा वरचा स्वर उमटूच नये असा नियम आहे, तिथे छेडूनही तंबोऱ्यात तो ऐकू येतो, हे त्यांनी दाखवलं. तो निबंध वाचल्यावर मी घोडीचा उतार डायल गेजनं मोजायला घेतला. चांगल्या बोलणाऱ्या जुन्या घोड्यांची मापं घ्यायची, ग्राफ काढायचा आणि तसाच उतार मशीनवर कापायचा, असा बेत.

चाचांनी अडवलं नाही. एवढंच म्हणाले, "माप पायजे तर घे. पण तार लावून मग घे."

या एका वाक्यावर माझं पुढचं सगळं काम उभं आहे. तारा चढल्या की तबली दबते, घोडी जराशी कलते आणि टेबलावर मोजलेला उतार तसाच राहत नाही. प्रत्येक लाकडाची तबली वेगळी दबते. माझ्या खोक्यात भोपळा नाही, पातळ तबली आहे, ती तर आणखी दबते. आता मशीन घोडीला ढोबळ उतार देतं, तबली किती दबेल याचा अंदाज धरून. त्यानंतर तार चढवायची, ऐकायची, उतरवायची, कानस दोनदा फिरवायची, पुन्हा चढवायची. हे कंटाळवाणं आहे. त्यात काहीही ध्यानबिन नसतं. मान दुखते. पण मापामुळे कान कुठे लावायचा हे लवकर समजतं. पंचमाची तार बंद वाटली की घोडीच्या पुढच्या अंगाची शंका घ्यायची, एवढं ग्राफनं शिकवलं. कानस थांबवायची केव्हा, ते ग्राफ सांगत नाही.

जुन्या कारागिरांना नवीन सामान नको असतं, असा एक समज शहरात आहे. चाचांच्या लहानपणी हस्तिदंताच्या आणि सांबरशिंगाच्या घोड्या होत्या. कायद्यानं त्या गेल्या, हाडाच्या आल्या, आणि डेलरीन या प्लास्टिकची घोडी माझ्या आधी चाचांनीच वापरून बघितली होती. "लवकर झिजत नाही. परदेशातला माणूस जवारीला कुठं जाणार?" हा विचार माझ्या डिझाइनच्या कोर्सात असता तर त्याला केवढं लांब नाव असतं!

परदेशी गिऱ्हाइकं त्यांना व्हॉट्सॲपवर आवाज पाठवतात. चाचा तो ऐकतही नाहीत. फोन वरचे स्वर खाऊन टाकतो, ते त्यांना स्पेक्ट्रमशिवाय कळलंय. ते घोडीचा फोटो मागवतात, उजेड आडवा पाडून काढलेला. तारेनं पाडलेल्या चरांची लांबी बघून दोरा कुठे सरकवायचा ते सांगतात.

2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. मी माझ्या वाद्यावर ते लावत नाही. चाचांच्या लेखी भोपळा नाही तो तंबोराच नव्हे, ते त्याला 'पेटी' म्हणतात, आणि यावर आमचं भांडण मिटलेलं नाही. जवारी मात्र ते पेटीचीही तितक्याच जिवानं काढतात आणि तिचे पैसे वेगळे लावतात. बिलात ती ओळ स्वतंत्र असावी हा त्यांचा आग्रह, आणि तो मला पटला.

आतल्या चिठ्ठीवर नाव कुणाचं, हाही प्रश्न निघाला. मी दोघांची सुचवली. चाचा म्हणाले, "गिऱ्हाईक बोंबलत ज्याच्याकडे येणार त्याचं टाक." तेव्हापासून चिठ्ठीवर माझं नाव आणि माझा नंबर आहे. परवा टोरांटोहून एका गायिकेचा फोन आला, खर्ज बसलाय म्हणून. थंडीत हीटर चालू असतो का ते विचारलं, आणि आधी घोडीचा फोटो पाठवा म्हटलं, उजेड आडवा पाडून.